छोटा पण उभा चढ फोर बाय फोरने कसा चढावा

तीस-चाळीस मीटरचाच चढ असला तरी आधी गाडीतून उतरून तो पायी चढा. माथ्यावर बॉनेट आभाळाकडे असतं, पुढचं काही दिसत नाही. पलीकडे वळण आहे की घळ, हे आधीच माहीत हवं. चाकं कुठून न्यायची तेही तेव्हाच ठरवा. मोठा दगड दोन चाकांच्या मधे घेऊ नका, डिफरन्शियल (ॲक्सलच्या मध्यावर खाली आलेला गिअरचा गोळा) आपटेल. त्यावर चाकच चढवा.

टायरमधली हवा ३२ पीएसआयवरून १८-२० वर आणा. टायर पसरतो, दगडाला धरून बसतो. १५ च्या खाली मात्र नको, टायर रिमवरून निसटू शकतो. मागचं सुटं सामान बांधा.

पायथ्याशी गाडी थांबवा, न्यूट्रलमध्ये घेऊन फोर-लो टाका, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर मिळतो. डिफ लॉक (ॲक्सलची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारी सोय) असेल तर तोही इथेच. चाक जागच्या जागी फिरायला लागल्यावर लॉक केलात तर ॲक्सलला झटका बसतो. पहिला किंवा दुसरा गिअर घ्या आणि चढावर गिअर बदलू नका, क्लचला पाय लावू नका. ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवा. चाक जागच्या जागी फिरू लागलं की पाय थोडा सैल करा. जोर वाढवलात तर चाक खड्डाच खणतं. अंगठे स्टिअरिंगच्या कडेवर ठेवा, आत अडकवू नका: चाक दगडाला आपटलं की स्टिअरिंग झटक्यात फिरतं.

गाडी मधेच बंद पडली तर सगळ्यात मोठी चूक म्हणजे वळवून खाली आणणं. आडवी झालेली गाडी कलंडते. ब्रेक घट्ट दाबा, हँडब्रेक ओढा, रिव्हर्स टाका. इंजिन सुरू करून क्लच सावकाश सोडा. गाडी इंजिनाने पेलली की आधी हँडब्रेक, मग पायाचा ब्रेक हळूहळू सोडा आणि आलात त्याच चाकोरीतून सरळ मागे या. न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून कधीच उतरू नका. वजन मागे गेल्याने पुढची चाकं हलकी झालेली असतात, नुसत्या ब्रेकवर ती लॉक होऊन घसरतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही.

पलीकडच्या उतारालाही फोर-लो, पहिलाच गिअर. मागचा भाग बाजूला सरकू लागला तर ब्रेक सोडा, तोंड उताराकडे सरळ करा आणि ॲक्सिलरेटर किंचित द्या. भीती वाटते, पण गाडी सरळ होते.

डांबरी रस्त्यावर येण्याआधी हवा भरा, डिफ लॉक काढा, टू-हाय (दोनच चाकांना जोर देणारा नेहमीचा मोड) टाका.