बटणाशेजारचं वाक्य: प्रोग्रामिंग समुदायात मॉडरेशन करू पाहणाऱ्यांसाठी

कोड लिहिताना अडलं की आपण शोधतो, आणि बहुतेक वेळा कुणीतरी आधीच विचारलेला तोच प्रश्न उत्तरासकट समोर येतो. तो इतका नेमका सापडावा म्हणून मधल्या काळात कुणीतरी त्याचं शीर्षक सुधारलेलं असतं, 'मलाही हाच प्रॉब्लेम येतोय' अशा पोस्ट बाजूला काढलेल्या असतात आणि तोच प्रश्न विचारणारे विखुरलेले धागे एकमेकांना जोडलेले असतात. हे काम मॉडरेटर करतात, बहुतेक ठिकाणी विनामोबदला. मी काही वर्षं ते करते आहे, आणि ज्यांना यात उतरायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

नवा मॉडरेटर आधी बटणं बघतो. पोस्ट बंद करणं, लपवणं, हटवणं, चर्चेला कुलूप लावणं. ही बटणं दाबायला क्षणही लागत नाही. खरं काम आहे त्या बटणाशेजारी लिहायच्या दोन-चार वाक्यांत. ज्याची पोस्ट बंद झाली तो ती आज वाचतो, आणि त्याच अडचणीत सापडलेला एखादा अनोळखी माणूस तीन वर्षांनी वाचतो. पुढे काय करायचं हे दोघांनाही त्यातून कळायला हवं.

अगदी नेहमी येणारी पोस्ट घ्या. शीर्षक: 'पायथनमध्ये एरर, अर्जंट'. आत स्क्रीनचा मोबाइलने काढलेला तिरपा फोटो आणि खाली एकच ओळ, 'कोड रन होत नाही, प्लीज हेल्प'. 'अपुरी माहिती' हे कारण निवडून ही पोस्ट बंद करणं नियमाला धरून आहे. पण विचारणाऱ्याच्या जागी बसून बघा. त्याच्या मते त्याने सगळं दिलेलं आहे. कोणती माहिती महत्त्वाची हे कळत असतं तर अर्धा प्रश्न त्यानेच सोडवला असता. त्यामुळे नुसतं 'माहिती द्या' म्हटलं की तो दुसरा फोटो टाकतो. मी अशा वेळी साधारण असं लिहिते:

'फोटोतला कोड कुणाला चालवून बघता येत नाही, म्हणून कोड मजकूर म्हणून टाका. एरर आल्यावर जो मजकूर दिसतो तो "ट्रेसबॅक" या शब्दापासून शेवटच्या ओळीपर्यंत जसाच्या तसा द्या. तुम्ही जी फाइल वाचताय तिच्या पहिल्या दोन-तीन ओळी द्या, त्यात खासगी काही असेल तर बदलून. एवढं झालं की पोस्ट पुन्हा उघडता येईल.'

यात नियमाचा उल्लेख नाही, आणि उपदेशही नाही. प्रत्येक वाक्यात एक करण्यासारखी गोष्ट आहे. कोड मोठा असेल तर आणखी एक वाक्य जोडते: एररशी संबंध नसलेला भाग काढत काढत कोड लहान करा, एरर मात्र तशीच येत राहिली पाहिजे. तीनशे ओळींचा कोड असा पंधरा ओळींवर आणताना चूक कुठे आहे ते बरेचदा विचारणाऱ्यालाच दिसतं. मग तो स्वतःच खाली उत्तर लिहितो, आणि ती पोस्ट सगळ्यांच्या कामाची होते. शीर्षकातला 'अर्जंट' मी न बोलता काढून टाकते आणि त्या जागी 'सीएसव्ही फाइल वाचताना युनिकोड डिकोड एरर' असं काहीतरी लिहिते. ते शोधणाऱ्याला सापडेल.

डुप्लिकेट हा वेगळा विषय आहे आणि सगळ्यात जास्त मनं त्यावरूनच दुखावतात. 'हा प्रश्न आधी विचारला गेला आहे' हे नवख्याच्या कानावर 'तू आळशी आहेस' असं पडतं. प्रत्यक्षात दोन प्रश्न एकच आहेत हे ओळखायला उत्तर माहीत असावं लागतं. एकजण विचारतो, '०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ का येते?' दुसरा विचारतो, 'माझी अट खरी असूनही इफच्या आतला कोड का चालत नाही?' दोघांच्याही मुळाशी एकच कारण असू शकतं: आयट्रिपलई ७५४ या मानकाप्रमाणे दशांश अपूर्णांक बायनरीत साठवले जातात आणि ०.१ त्यात नेमका बसत नाही. दुसऱ्या माणसाने पहिला प्रश्न वाचला असता तरी तो आपलाच आहे हे त्याला कळलं नसतं. म्हणून दुवा देताना एक ओळ जोडा: 'तुमच्या इफमध्ये दोन फ्लोट थेट बरोबर आहेत का ते तपासलंय, तिथे हेच घडतंय.' आणि अशी डुप्लिकेट पोस्ट शक्यतो हटवू नका. त्याच शब्दांत शोधत येणारा पुढचा माणूस तिच्यावरूनच मूळ उत्तरापर्यंत पोहोचणार आहे.

अधिकार किती वापरायचा याबद्दल माझं मत ठाम आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर ३,००० रेप्युटेशन (चांगल्या प्रश्नोत्तरांसाठी मिळणारे गुण) झाल्यावर प्रश्न बंद करण्यासाठी मत देता येतं. पूर्वी अशी पाच मतं लागत, २०१९ मध्ये ती तीनवर आणली गेली. निवडून आलेल्या मॉडरेटरचं मात्र एकच मत पुरतं. ही सोय स्पॅम, शिवीगाळ आणि उघड नियमबाह्य गोष्टींसाठी आहे. जिथे तुम्हालाच 'हे चालेल की नाही?' असा विचार करावा लागतो, ती पोस्ट समुदायाच्या मतांवर सोडा. तीन जणांनी मिळून घेतलेला निर्णय विचारणाऱ्यालाही पचायला सोपा जातो.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही: पोस्टमध्ये पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी सेवा वापरायची गुप्त किल्ली) उघडी पडलेली असेल तेव्हा. नवखे लोक आख्खी कॉन्फिग फाइल चिकटवतात आणि डेटाबेसचा पासवर्ड त्यात तसाच असतो. पोस्ट एडिट करून तो भाग खोडला की काम झालं असं वाटतं, पण बहुतेक ठिकाणी जुनी आवृत्ती इतिहासात कुणालाही दिसते. ती आवृत्तीही काढावी लागते, आणि तो अधिकार तुमच्याकडे नसेल तर वरच्यांना लगेच कळवावं लागतं. तरीही पोस्ट करणाऱ्याला पहिलं सांगायचं ते हे: 'ही की आत्ता रद्द करा आणि नवी बनवा.' उघड्या पडलेल्या किल्ल्या शोधत फिरणारे बॉट असतात, तुम्ही खोडण्याआधीच ती कुणीतरी उचललेली असू शकते. माणूस घाबरतो. घडलेल्या गोष्टीबद्दल त्याला बोलण्यात अर्थ नसतो, ती की कुठल्या पानावरून रद्द होते ते सांगितलं की तो कामाला लागतो.

आता लोकांच्या अभिप्रायाबद्दल, कारण निम्मा वेळ तिथे जातो. 'माझी पोस्ट का बंद केली?' या तक्रारीला मी कधीही नियमाचा क्रमांक देऊन उत्तर देत नाही. आधी पोस्ट पुन्हा वाचते, दरम्यान ती सुधारली असेल तर उघडते आणि तसं सांगते. सुधारलेली नसेल तर नक्की कोणतं वाक्य किंवा कोणता कोड कमी पडतोय ते दाखवते. तरीही तो माणूस वाद घालत राहिला तर दुसऱ्या मॉडरेटरला बघायला सांगते. आपल्याच निर्णयावरच्या अपिलाचा निकाल आपणच देऊ नये.

किती जण बोलतायत आणि ते काय सांगतायत यांत गल्लत होते, तीही सांभाळायची असते. २०१६ च्या सुरुवातीला अनेक ओपन सोर्स मेंटेनरांनी (खुल्या कोडचे प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी) असे प्रकल्प जिथे ठेवले जातात त्या गिटहबला उद्देशून खुलं पत्र लिहिलं. त्यातली एक तक्रार अशी होती की इश्यूखाली (चूक किंवा मागणी नोंदवणाऱ्या पोस्टखाली) 'प्लस वन' एवढंच लिहिलेल्या कॉमेंटची रांग लागते आणि कामाची माहिती त्यात बुडते. त्याच वर्षी गिटहबने इश्यू टेम्प्लेट आणि इमोजी रिॲक्शन आणल्या. तुमच्या समुदायात अशी सोय असेल तर लोकांना तिकडे वळवा, पण वळवताना विचारा: 'तुमच्याकडे हे कोणत्या आवृत्तीवर घडतंय?' नुसती 'मलाही' म्हणणाऱ्या माणसाकडून बरेचदा तेवढ्याने हरवलेला दुवा मिळतो.

दबावाचं गांभीर्य ज्यांना कळत नाही त्यांनी एक्सझेड युटिल्स या फाइल आकसून लहान करणाऱ्या ओपन सोर्स साधनाची हकीकत वाचावी. जवळपास एकट्याने तो प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरवर २०२२ मध्ये काही खात्यांनी 'काम फार हळू चाललंय, दुसऱ्या कुणाला जबाबदारी द्या' असा लकडा लावला. पुढे ज्या नव्या व्यक्तीला अधिकार मिळाले, तिच्याच नावाने प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्यांत मागचा दरवाजा, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, निघाला. मार्च २०२४ मध्ये एका अभियंत्याला एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायला) किंचित जास्त वेळ लागतोय हे जाणवलं, म्हणून तो दरवाजा सापडला. तगादा लावणारी ती खाती बनावट असावीत असा दाट संशय आहे. वापरणाऱ्याची अडचण आणि मेंटेनरला खिंडीत गाठणारी भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला उत्तर द्यायचं. दुसरी दिसली की मधे पडायचं, मेंटेनरने स्वतः तक्रार करायची वाट न बघता.

तसंच ज्ञानी पण तुसड्या सभासदांचं. 'डॉक्युमेंटेशन वाचता येत नाही का?' ही कॉमेंट लिहिणारा माणूस रोज उत्तम उत्तरं देत असतो, त्यामुळे त्याला बोलायला सगळे कचरतात. कॉमेंट काढा आणि त्याला खासगीत नेमकं तेच वाक्य दाखवून सांगा की एवढंच काढलं आहे, उत्तर जागेवर आहे. 'तुमचा सूर बरोबर नाही' असं मोघम बोललात तर तो आपल्या ज्ञानावर हल्ला झाल्यासारखा लढेल. लेखी आचारसंहिता असेल तर हे बोलणं सोपं जातं. २०१४ मध्ये आलेलं कॉन्ट्रिब्युटर कॉव्हेनंट, ही एक तयार आचारसंहिता, आज असंख्य प्रकल्प वापरतात, लिनक्स कर्नलनेही २०१८ मध्ये त्यावर आधारित आचारसंहिता घेतली.

एआयने लिहिलेल्या उत्तरांनी काम बदललं आहे. चॅटजीपीटी आल्यानंतर काही दिवसांतच, डिसेंबर २०२२ मध्ये, स्टॅक ओव्हरफ्लोने अशा उत्तरांवर बंदी घातली. २०२३ च्या जूनमध्ये कंपनीने मॉडरेटरांना अशी उत्तरं काढण्यावर मर्यादा घातल्या तेव्हा अनेक मॉडरेटर संपावर गेले, तो ऑगस्टमध्ये वाटाघाटींनंतर मिटला. माझा अनुभव असा की 'हे मशीनने लिहिलंय' हा आरोप सिद्ध करता येत नाही आणि चुकीच्या माणसावर झाला तर फार लागतो. मी उत्तरातला कोड चालवून बघते. अस्तित्वातच नसलेलं फंक्शन वापरलेलं असेल तर तेवढंच लिहिते: 'या लायब्ररीत या नावाचं फंक्शन नाही, तुम्ही कोणत्या आवृत्तीवर हे चालवलं?' ज्याने चालवलेलंच नाही त्याच्याकडे याचं उत्तर नसतं.

जबाबदारी स्वीकारण्याआधी विचारून घ्या: तुमचा निर्णय कोण उलटवू शकतं, आणि वरच्या लोकांनीच नियम मोडला तर तुम्ही काय करू शकता? नोव्हेंबर २०२१ मध्ये रस्ट भाषेच्या पूर्ण मॉडरेशन टीमने एकत्र राजीनामा दिला. प्रकल्पाचं नेतृत्व करणारी कोअर टीम कुणालाच उत्तरदायी नाही, हे त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा हे प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही.

नोकरीच्या दृष्टीने याचा उपयोग होतो का, हेही विचारलं जातं. मला कोड रिव्ह्यूमध्ये झाला. दुसऱ्याचा कोड वाचून 'हे चुकलंय' यापलीकडे 'इथे हे करून बघा' असं लिहायची सवय लागली. सपोर्ट, डेव्हलपर रिलेशन्स किंवा तांत्रिक लेखन या कामांकडे जायचं असेल तर मुलाखतीत दाखवण्यासारखं बरंच काही हाताशी राहतं.

सुरुवातीला मॉडरेटरपदाचा अर्ज करू नका. तुम्हाला चांगली येणारी एक भाषा किंवा लायब्ररी निवडा आणि तिच्या टॅगखाली येणाऱ्या नव्या पोस्ट रोज थोडा वेळ वाचा. शीर्षकं सुधारा, कोड नीट मांडा, फ्लॅग करताना, म्हणजे एखादी पोस्ट मॉडरेटरच्या नजरेला आणताना, कारण लिहा. जे वाक्य पुन्हापुन्हा लिहावं लागतंय असं दिसेल ते एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा, पण चिकटवताना त्यात त्या पोस्टमधली एक तरी गोष्ट घाला, ओळ क्रमांक, व्हेरिएबलचं नाव, काहीही. थकवा आला, उत्तरात धार येऊ लागली की त्या दिवसापुरतं तिथेच थांबा. रांगेत उरलेल्या पोस्ट उद्यापर्यंत थांबू शकतात, फक्त उघड्या पडलेल्या किल्ल्या आणि शिवीगाळ तेवढी बघून घ्या.