निघण्याआधी: जंगल आणि नदीखोऱ्यातल्या सायकलवाटेची तयारी

आधी नकाशा उघडा आणि ठरवलेल्या वाटेवरची अशी जागा शोधा, जिथून पक्का रस्ता सगळ्यात लांब आहे. तिथे सायकल बंद पडली तर ढकलत रस्त्याला लागायला किती तास जातील? माझी सगळी तयारी या एका प्रश्नातून निघते. उत्तर एक तास आलं तर पिशवी हलकी ठेवली तरी भागतं. चार तास आलं तर प्रत्येक वस्तूकडे दुसऱ्या नजरेने पाहावं लागतं. अंदाज बांधायला स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांचा १८९२ सालचा नियम आजही कामाला येतो: ताशी साधारण ५ किलोमीटर, आणि चढाच्या दर ६०० मीटरला एक तास जादा. तो नियम मोकळ्या हाताने चालणाऱ्यासाठी आहे. सायकल ढकलायची असेल तर मी त्याची दीडपट धरतो.

आता सायकल. सुरुवात मागच्या डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाच्या, हँगरपासून करा, कारण यादीत नेमका तोच राहतो. डिरेलर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर टांगलेला असतो तो हँगर. मार बसला तर फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो, म्हणजे मोडणं हेच त्याचं काम. एकदा खोऱ्याच्या तळाशी पानांच्या थरात लपलेली बोटाएवढी काटकी माझ्या चाकात उडाली, चेनबरोबर वर गेली आणि कट्कन आवाज आला. डिरेलर स्पोकमध्ये वळून बसला होता आणि हँगरचे दोन तुकडे झाले होते. माझ्याकडे चेन तोडायचं हत्यार होतं. चेन आखूड करून एकाच गिअरवर जाऊ असं मनाशी म्हटलं. पण मागे सस्पेन्शन असलेल्या बहुतेक सायकलींत चाक वरखाली झालं की चेनची लागणारी लांबीही बदलते, त्यामुळे ती एक तर ताणून तुटते नाही तर उतरत राहते. त्या दिवशी साडेचार तास ढकलत आलो. तेव्हापासून सुटा हँगर सीटखालच्या पिशवीत कायम असतो. जवळजवळ प्रत्येक जुन्या फ्रेमचा हँगर वेगळा. सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने २०१९ मध्ये सर्वांना चालेल असा एक नमुना आणला आणि अनेक नव्या फ्रेम तो घेतात, तरी आपल्या फ्रेमचा कोणता आहे ते आधी पाहून घ्या. विकत आणलेला तुकडा एकदा घरी लावूनही बघा.

चेनची झीज गेजने मोजा. ११ आणि १२ गिअरच्या चेनला ०.५ टक्के ताण दिसला की ती बदलायची, नाही तर मागचा दात्यांचा संच खराब होतो. जोडकडी आपल्या चेनच्या गिअरसंख्येची हवी. १० ची कडी १२ च्या चेनला चालत नाही.

ब्रेकवर थोडं थांबू या. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत काही तरुणांनी जाड टायरच्या जुन्या सायकलींवर एका कच्च्या उताराची शर्यत सुरू केली. त्या सायकलींचे मागच्या हबातले, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातले, ब्रेक उतारावर इतके तापायचे की आतलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून पुन्हा भरावं लागायचं. त्या वाटेचं नावच ‘रिपॅक’, म्हणजे पुन्हा भरणं, असं पडलं. आज डिस्क ब्रेक आहेत, पण वेगाची उष्णता कुठेतरी जावी लागतेच, आणि पाठीवर सामान असेल तर ती वाढते. म्हणून निघण्याआधी पॅड काढून बघा. घासणारा थर १ मिलिमीटरवर आला असेल तर ते पॅड घरीच राहू द्या. नदीकाठची ओली रेती मऊ ऑरगॅनिक पॅड एका दिवसात खाऊन टाकू शकते. अशा वाटेवर मी धातूमिश्रित पॅड लावतो आणि एक नवी जोडी बरोबर घेतो. ब्रेकमधलं तेल मिनरल आहे की डॉट हे लिव्हरवर लिहिलेलं असतं. एकाच्या जागी दुसरं गेलं की आतली रबरी सिलं फुगतात. गाडीत घालून न्यायला चाक काढलं असेल तर पॅडच्या मधे घडी घातलेला पुठ्ठा सरकवून ठेवा. तेवढ्यात कुणी लिव्हर दाबला तर पॅड चिकटून बसतात आणि सकाळ त्यातच जाते.

टायरची हवा अंगठ्याने नव्हे, गेजने बघा. साधारण ७० किलो वजन, २.३ ते २.४ इंची ट्यूबलेस टायर असेल तर २२ ते २६ पीएसआय ही सुरुवात चांगली, मागे थोडी जास्त. ट्यूब असेल तर आणखी चार-पाच वाढवा, नाही तर दगडाच्या धारेवर ट्यूब चेपून सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. ट्यूबलेसमधलं सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारा द्रव, काही महिन्यांत वाळतं. चाक काढून कानाजवळ हलवा. आत डबडब ऐकू आली नाही तर नवं भरायचं. एवढं करूनही एक सुटी ट्यूब लागतेच. दोन गोष्टी घरीच करून ठेवा. ट्यूबलेस व्हॉल्व्हची गोल चकती एकदा हाताने सोडवून पुन्हा बसवा, कारण चिकटलेली चकती रानात बोटांनी सुटत नाही. आणि टायरच्या आतून जाड फडकं फिरवा. सीलंटने गपचूप बुजवलेले काटे आत टोकं काढून बसलेले असतात, आणि नवी ट्यूब घातली की पहिल्याच फेरीत पंक्चर. गॅसची नळकांडी झटपट हवा भरतात, पण दोन झाली की संपली. हातपंप संपत नाही, म्हणून तोच घ्या आणि त्याच्यावर हातभर चिकटपट्टी गुंडाळा.

हत्यारांत ४, ५, ६ मिलिमीटरच्या ॲलन की, चांदणीच्या आकाराच्या तोंडाची टी-२५ की, प्लास्टिकचे बंध, टायरला आतून लावायला जाड तुकडा आणि चेन ऑइलची छोटी कुपी. हँडलच्या दोन्ही टोकांची बुचं जागेवर आहेत का तेही बघा. उघडी नळी पडताना पोटात किंवा मांडीत गोल पात्यासारखी घुसते. बुचं नसतील तर मी कुणालाही बरोबर येऊ देत नाही.

कपड्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पूर्ण बोटांचे हातमोजे, गुडघ्याचे पॅड, एक कोरडा थर पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. हेल्मेट भुवईच्या दोन बोटं वर बसलं पाहिजे, आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवायचं नाही. आतला फोम एकदाच दबतो. चष्मा पारदर्शक काचेचा घ्या. उन्हातून गर्द झाडीत शिरताना काळ्या काचेतून मुळं दिसतच नाहीत.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरा. नदी शेजारून वाहते म्हणून निर्धास्त राहू नका. वरच्या अंगाला गुरं असतातच. पाणी खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट ठेवायचं, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. फिल्टर बहुतेक जंतू अडवतो पण विषाणू नाही. क्लोरीनच्या गोळ्या विषाणू मारतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब करणारा परजीवी त्यांना दाद देत नाही. शंका असेल तिथे आधी गाळा, मग गोळी टाका. बाटलीच्या तोंडाला टोपण हवंच. २००७ मध्ये ब्रिटिश कोलंबियात आणि २००८ मध्ये वेल्समध्ये चिखलातल्या सायकल शर्यतींनंतर स्पर्धक जुलाबांनी आजारी पडले. तपासात बोट चिखलाकडे गेलं: चाकांवरून उडालेला, जनावरांच्या शेणाने दूषित झालेला चिखल तोंडात गेला होता.

नदीचं काम घरी बसून अर्धंच होतं. वाट किती ठिकाणी पाणी ओलांडते, कुठे पूल आहे आणि कुठे पाण्यातून पार व्हायचा नुसता उतार, हे नकाशावर खुणा करून ठेवा. प्रत्येक उतारासाठी परतीचा दुसरा रस्ता माहीत हवा, कारण सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा संध्याकाळी तसाच असेल असं नाही. आपल्या डोक्यावर ऊन असताना वर डोंगरात पाऊस झालेला असतो. बर्फावर पोसलेल्या नद्यांना पहाटे पाणी कमी असतं आणि दुपार कलली की चढतं. पाणी गढूळ होऊ लागलं, काटक्या-पाने वाहत यायला लागली, की पाणी चढतंय. तिथे थांबायचं.

ओलांडायचंच झालं तर आधी खालच्या अंगाला बघा. घसरलात तर पाणी कुठे नेईल? तिथे आडवं पडलेलं झाड असेल तर ती जागा सोडा. फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो. पात्र रुंद आणि पसरट असेल तिथे पाणी उथळ सापडतं. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, म्हणून ओढ असलेलं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर मी परत फिरतो, मग कितीही लांबून आलेलो असो. बूट घालूनच उतरा. पाठपिशवीचे छातीचे आणि कमरेचे पट्टे सोडा. सायकल प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरा. वरच्या बाजूला धरली तर पाणी तिला आपल्याच पायांवर आणतं. आणि ती हातातून ओढली जाऊ लागली तर सोडून द्या. हे मनाशी आधीच ठरवून ठेवा, कारण पाण्यात उभं राहून महागडी सायकल सोडवत नाही. पार झाल्यावर चेनला तेल, आणि पुढच्या उताराआधी ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून कोरडे करा.

प्रथमोपचारात पट्ट्या-मलम सगळेच नेतात. त्रिकोणी बँडेज मात्र राहून जातं. सायकलवरून पडताना हात पुढे जातो, म्हणून मनगट आणि गळ्याजवळचं हाड मोडण्याची पाळी जास्त येते. हात गळ्यात बांधून चालत बाहेर यायला तेच लागतं. जोरात वाहणारं रक्त दाबून धरायला जाड पट्टी आणि गोचीड सरळ वर ओढून काढायला बारीक चिमटा घ्या. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते आठवत नसेल तर जाण्याआधी घेऊन टाका.

खोल खोऱ्यात आकाशाचा तुकडाच दिसतो, त्यामुळे जीपीएसची खूण कड्यांवरून उड्या मारते. नेटवर्क शोधत बसलेला फोन अर्ध्या दिवसात मान टाकतो. नकाशा आधी उतरवून फोन फ्लाइट मोडवर ठेवा, छापील प्रतही घ्या. खोऱ्यात सूर्य लवकर डोंगराआड जातो आणि झाडीत त्याच्याही आधी अंधारतं, म्हणून दिवा दिवसाच्या फेरीलाही हवा. शिट्टी गळ्यात ठेवा, पिशवीत नाही: मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, उत्तर तीन शिट्ट्यांचं. घरी एक कागद ठेवून जा. त्यावर वाट, सोबत्यांची नावं, परतायची वेळ, आणि त्याहून महत्त्वाचं, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलवायची ती वेळ.

ही वाट कुणाच्या तरी शेतातून, कुरणातून जाते. परवानगी लागते का, लाकूडतोड किंवा शिकारीचा काळ आहे का, हे आधी विचारा. फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं. उघडं असेल तर उघडं, कारण गुरं पाण्यावर जाण्याचा तो रस्ता असू शकतो. जनावरांजवळून पायी चालत जा. घोडा समोर आला तर उतरून बोलत राहा, म्हणजे आपण माणूस आहोत हे त्याला कळतं. पावसाने वाट भिजलेली असेल तर फेरी पुढे ढकला. ओल्या मातीत चाकाने पडलेली चरी पुढच्या पावसात ओहोळ होते. सायकल धुवायची ती परतल्यावरच नाही, निघण्याआधीही. टायरच्या खाचांतल्या मातीतून झाडांची मुळं कुजवणारा फायटॉप्थोरा हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव एका जंगलातून दुसऱ्यात जातो.

आठवडाभर आधी सगळं सामान लादून दोन तासांची फेरी मारा आणि वाटेत एकदा मुद्दाम मागचं चाक काढून ट्यूब घाला. निघायच्या आदल्या रात्री हवा आणि दिव्याचं चार्जिंग बघून झालं की सायकल पुढून वीतभर उचला आणि सोडा. नुसता टायरचा धप्प आवाज आला पाहिजे. कुठेतरी खडखडलं, तर झोपण्याआधी ते शोधून काढा.