दोन रंगांत अडकलात? भिंतीवर नाही, शीटवर लावून पाहा

हॉलसाठी ऑफव्हाइट घ्यायचा का फिका पिस्ता, असं चालू असेल तर शेड कार्डवरून ठरवूच नका, तो एवढुसा चौकोन काय सांगणार! दोन्हीचे छोटे सॅम्पल डबे आणा, पांढऱ्या ड्रॉइंग शीटवर दोन-दोन हात मारा, कडेनी दोन बोटं पांढरी पट्टी सोडा, नाहीतर जुन्या भिंतीचा रंग शेजारी दिसून डोळा फसतो. ओला असताना काही ठरवू नका, इमल्शन (भिंतीला लावतो तो पाण्यातला रंग) वाळलं की बहुतेक वेळा थोडं गडद दिसते.

मग शीट भिंतीभिंतीवर फिरवून पाहा, सकाळी, दुपारी अन् रात्री लाइट लावून. आपल्या नागपुरात उन्हाळ्यात दुपारी कूलर लावून पडदे ओढलेले असतात, म्हणजे रंग दिसणार तो अर्ध्या अंधारातच, ते पाहणं जास्त महत्त्वाचं. पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळी ऊन आलं की क्रीम एकदम पिवळं वाटते. पिवळसर २७०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेड किती पिवळा का पांढरा, त्याचं माप) बल्बखाली पण तेच, ६५०० च्या पांढऱ्या ट्यूबखाली तोच रंग थंड दिसतो.

तरी दोन्ही सारखेच वाटले तर फिका घ्या, चारही भिंतींवर रंग कार्डापेक्षा गडदच वाटतो भाऊ.