प्रतिरूपांवर प्रबंध लिहिताना दमयंती उपयोगी पडली

सांगलीत इंग्रजीतून एम.ए. करताना प्रबंधाला विषय घेतला होता : आजच्या फँटसी कादंबऱ्यांतली प्रतिरूपं, म्हणजे एखाद्या पात्राची हुबेहूब दुसरी रूपं, आणि ‘मी कोण?’ हा प्रश्न. पहिल्या प्रकरणाची वीस पानं मी मनोविश्लेषक फ्रॉइडच्या ‘द अनकॅनी’ या १९१९ सालच्या निबंधावरच खर्च केली; ओळखीचंच काही अचानक भयाण का वाटतं, याबद्दल तो आहे. मॅडमनी समासात पेन्सिलीनं लिहिलं, “यात कादंबरी कुठंय?” दोन दिवस वहीला हात लावला नाही.

मग आजीची नल-दमयंतीची गोष्ट आठवली. स्वयंवराच्या मंडपात एकासारखे एक पाच नल. त्यातले चार इंद्र, अग्नी, वरुण आणि यम. देवांना घाम येत नाही, पापणी लवत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. नलाच्या अंगावर मात्र धूळ, घाम, गळ्यात कोमेजलेला हार, पायाशी सावली. माणूस त्याच्या उणेपणावरून ओळखू आला! खरा कोण, एवढंच विचारून भागत नाही. ओळख कोण पटवतंय आणि कशावरून, तेही बघायला हवं. माझा प्रबंध खऱ्या अर्थानं तिथून सुरू झाला.

नील गेमनची ‘कोरलाइन’ (२००२) याच नजरेनं पुन्हा वाचली. तिथली ‘दुसरी आई’ खऱ्या आईपेक्षा चवीचं रांधते, लेकीकडे जास्त लक्ष देते, फक्त डोळ्यांच्या जागी काळी बटणं. हिला नुसतं प्रतिरूप म्हणणं मला पटेना. आपल्याकडे पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, तसा हा आईचा तोतया आहे. दुसऱ्याची जागा बळकावायला आलेला तो तोतया. मराठीत नेमका शब्द असेल तर तो जरूर वापरा, विचार स्वच्छ होतो.

सुझॅना क्लार्कच्या ‘पिरानेसी’नं (२०२०) मात्र मला महिनाभर अडवलं. तिथं समोर दुसरा कुणी उभाच नाही. नायकाला स्वतःच्याच रोजनिशीत अनोळखी माणसाच्या नोंदी सापडतात; तो माणूस म्हणजे पूर्वीचा, आता विसरलेला तो स्वतःच. फाडलेल्या पानांचे कपटे तो समुद्रपक्ष्यांच्या घरट्यांतून गोळा करून जुळवतो. शेवटी तो धड आधीचा उरत नाही, धड नंतरचाही नाही. इथं ओळख पटवणारी दमयंती कोण? माझं उत्तर : ती रोजनिशी.

नव्यानं या विषयाकडे येणाऱ्यांना कळकळीनं सांगते, पहिलं वाचन टिपणं न काढता करा. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घ्या आणि पात्राचं नाव जिथं जिथं बदलतं तिथं खूण करा. सिद्धान्ताची पुस्तकं त्यानंतर उघडा.