बाळंतपणाला माहेरी निघण्यापूर्वी

कपडे, दुपटी आणि डिंकाचे लाडू यांविषयी मी काही सांगणार नाही. ते घरातल्या बायका पाहतातच. फाइलमध्ये सर्वांत आधी पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीचा अहवाल ठेवावा. पहिल्या खेपेला माझा अहवाल सासरी, कपाटात विजेच्या बिलांखाली राहिला. माहेरी एका मध्यरात्री पोट दगडासारखे घट्ट होऊ लागले, तेव्हा डॉक्टरांनी विचारलेल्या ‘कितवा आठवडा?’ या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, कारण माझी पाळी मुळातच अनियमित होती. आईने बोटांवर महिने मोजून आठवा संपल्याचे सांगितले. शेवटच्या तिमाहीत नव्याने सोनोग्राफी करून भागत नाही. तोवर प्रत्येक मुलाची वाढ इतकी निराळी झालेली असते की हिशेब तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकतो. चौतिसाव्या आठवड्याआधी प्रसूती होण्याची चिन्हे असतील, तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला इंजेक्शने देतात आणि त्यांचा पुरता गुण येण्यास सुमारे 24 तास लागतात. नवऱ्याने पहाटे अहवालाचा फोटो पाठवला, तेव्हा तेहतिसावाच आठवडा निघाला. कळा पुढे थांबल्या, हे नशीब. अहवाल विसरले, ही चूक माझीच.

रक्तगट निगेटिव्ह असल्यास अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या अँटी-डी इंजेक्शनाची नोंद आणि पहिला अहवाल एकत्र ठेवावेत. या काळात रक्तातील द्रवभाग पेशींपेक्षा अधिक वाढल्यामुळे हिमोग्लोबिन थोडे उतरते, तरी ते 11च्या खाली गेल्यास ‘असे होतेच’ म्हणून सोडून देऊ नये. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतणे बहुधा साधे असते. मात्र चेहरा व हात सुजले, डोके ठणकू लागले, नजरेपुढे ठिपके आले किंवा रक्तदाब 140/90 वर पोहोचला, तर पाय शेकत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जागा अपुरी पडल्यामुळे बाळ शेवटी शांत होते, हा समज खोटा आहे, तो कोणी कितीही ठासून सांगो. नेहमीची हालचाल मंदावली तर सकाळची वाट पाहू नये.

छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास मूल पायाळू आहे का, ते विचारून घ्यावे. पाणी गेले किंवा अंगावरून लाल गेले, तर लगेच निघावे. रिक्षावाल्याचा नंबर, 108, थोडी रोकड. आणि तो पहिला अहवाल: मूळ प्रत फाइलमध्ये, एक फोटो स्वतःच्या फोनमध्ये, दुसरा आईच्या.