जुनी सिल्व्हिया घेतलीय? बूस्ट वाढवायच्या आधी या चुका टाळा

निसानची एस१४ किंवा एस१५ सिल्व्हिया (या जपानी स्पोर्ट्स कूपेच्या शेवटच्या दोन पिढ्या) हातात आली की पहिला प्रश्न ठरलेलाच, बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब, किती वाढवू? ऑकलंड, मेलबर्नकडच्या आपल्या मराठी पोरांचंही तेच. (भारतात आणायचा विचार असेल तर सोडून द्या, तीन वर्षांपेक्षा जुनी सेकंडहँड गाडी नियमात बसत नाही.) पण राव, एस१४ आली १९९३ला, एस१५ १९९९ला, आणि २००२ला उत्पादनच थांबलं, म्हणजे सगळ्यात नवी गाडी पण वीस वर्षांच्या पुढची. यातलं एसआर२०डीईटी हे टर्बो इंजिन दणकट आहेच, कंपनीतूनच एस१४ला २२० आणि एस१५ला २५० पीएस (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप) मिळायचे, पण त्याच्याभोवतीचं रबर आणि वायरिंग आता म्हातारं झालंय.

आणि इथेच बरेच जण फसतात. गाडी आयडलला (उभी असताना, अॅक्सिलरेटर न दाबता) वरखाली करतेय, बूस्टमध्ये काळा धूर सोडतेय, की लगेच सेन्सर बदल, प्लग बदल, टर्बो गेला म्हणून टर्बो पण बदल! अरे आधी लीक टेस्ट करा ना. या गाडीत एअरफ्लो मीटर हवा मोजतो आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्या हिशोबाने पेट्रोल देतो. टर्बोनंतर इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणारा रेडिएटर) पाइप कुठे ढिला असेल तर बूस्टमध्ये मोजलेली हवा बाहेर पळते, पेट्रोल जास्त होतं, म्हणून काळा धूर. आयडलला उलटं, थ्रॉटलनंतर एखादी व्हॅक्यूम नळी तडकलेली असेल तर न मोजलेली हवा आत शिरते आणि इंजिन वरखाली करतं. टर्बोच्या इनटेकला टोपी लावा, कॉम्प्रेसरने १०-१५ पीएसआय हवा भरा, जोडांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे येतील तिथे चोर सापडला. खर्च जवळपास शून्य. अॅक्सिलरेटर सोडला की साठलेला दाब बाहेर हवेत फुसकारणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह पण याच कारणासाठी नको, गिअर बदलताना मोजलेली हवा बाहेर जाते आणि गाडी गचके खाते. आवाज भारी येतो हे मान्य, पण हवा परत इनटेकमध्ये सोडणाराच लावा.

लीक नाहीत हे पक्कं झालं की मग बूस्ट. फक्त बूस्ट कंट्रोलर आणून १ बार करून टाकणं ही सगळ्यात महागडी चूक. एस१४चे स्टॉक (कंपनीचे मूळ) इंजेक्टर ३७० सीसीचे, पेट्रोलचा पंप जुना, ईसीयूचा मॅप स्टॉक बूस्टसाठी लिहिलेला. हवा ठरल्यापेक्षा जास्त आली की ईसीयू पेट्रोल कट करतो आणि गाडी भिंतीवर आदळल्यासारखी झटका देते. तो झटका म्हणजे ईसीयू इंजिन वाचवतोय, आणि लोक काय करतात तर तो कट चुकवणारा डबा लावतात! मग नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून बसणारे ठोके) होऊन पिस्टनच्या रिंगलँड (रिंगांमधल्या कडा) तुटल्या की रडायचं. आधी पंप, मग इंजेक्टर, मोठा एअरफ्लो मीटर (निसानच्याच ३००झेडएक्स गाडीचा लावतात बरेच जण), आणि डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या रोलरवर) ट्यून. वाइडबँड गेज (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं मीटर) लावल्याशिवाय तर फुल बूस्ट मारूच नका. पेट्रोलचं पण बघा, जपानमधलं प्रीमियम साधारण १०० ऑक्टेनचं असतं, गाडी त्यावर ट्यून झालेली, तुम्ही ९५ भरून बूस्ट वाढवलात तर नॉक होणारच. ९८ भरा आणि ट्यून पण त्याच पेट्रोलवर करून घ्या.

ड्रिफ्ट करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट: रेव लिमिटरवर (इंजिनच्या आरपीएमची कमाल मर्यादा) बडवत राहू नका. एसआर२०चे रॉकर आर्म (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) जागेवरून निसटतात, मग हेडमध्ये कडकड आणि खिसा रिकामा. रॉकर आर्म स्टॉपर मिळतात, टॅपेट कव्हर उघडलंच आहे तर लगेच बसवून टाका.

क्लच स्टॉक असेल तर टॉर्क वाढला की घसरणार, त्याचं बजेट आधीच बाजूला ठेवा. एस१५च्या सहा स्पीड गिअरबॉक्सवर पण जास्त भरवसा नको. ब्रेक अपग्रेड करताना आर३२ स्कायलाइन किंवा ३००झेडएक्सचे चार पिस्टन कॅलिपर टाकतात, मस्त काम होतं, पण आधी आहेत त्या व्हीलमध्ये बसतात का ते मोजून घ्या. आणि न्यूझीलंडमध्ये असाल तर मोठा टर्बो, सस्पेन्शन वगैरे करायच्या आधीच एलव्हीव्ही सर्टिफायरला (मॉडिफाय केलेल्या गाड्या तपासून मंजुरी देणारा) फोन करून काय चालेल ते विचारा, सगळं बसवून झाल्यावर खोलायला लागलं तर मजुरी दोनदा जाते.