उत्तर भारतावरचे धुरके उपग्रहचित्रात कसे ओळखावे

सिंधू-गंगेच्या मैदानावर हिवाळ्याच्या तोंडाशी पसरणारे धुरके घरबसल्या पाहायचे असेल, तर नासाचे ‘वर्ल्डव्ह्यू’ हे मोफत संकेतस्थळ उघडावे, नकाशा लाहोरपासून पाटण्यापर्यंतचा पट्टा दिसेल इतका जवळ आणावा आणि ७ नोव्हेंबर २०१७ ही तारीख निवडावी. थरांच्या (नकाशावर एकावर एक चढवता येणाऱ्या चित्रांच्या) यादीतून सुओमी एनपीपी उपग्रहाचे खऱ्या रंगांतील चित्र घ्यावे. हा उपग्रह स्थानिक वेळेनुसार दुपारी दीडच्या सुमारास वरून जातो, हे पुढे उपयोगी पडेल.

आधी नुसते चित्र निरखावे. रंगीत थर लावण्याची घाई करू नये. धुके पांढरेशुभ्र, मऊ पृष्ठभागाचे असते आणि त्याची कड बहुधा स्पष्ट दिसते. धुरके मात्र करडे, मळकट असून त्यातून नद्या आणि शेते अंधुक दिसत राहतात. उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी हा करडेपणा अडतो आणि वर बर्फाची शिखरे लख्ख दिसतात. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की पुढचे काम सोपे होते.

त्यानंतर ‘एरोसोल ऑप्टिकल डेप्थ’ हा थर लावावा. हवेतील सूक्ष्मकण सूर्यप्रकाश किती अडवतात, ते हा आकडा सांगतो: ०.१ च्या आसपास हवा निर्मळ, १ च्या वर दाट धुरके. ढगांखालचे मोजता येत नाही आणि कधीकधी अतिदाट धूरही ढग समजून वगळला जातो. म्हणून रिकाम्या जागेला स्वच्छ हवा समजण्याची चूक कृपया करू नये.

मग आगींचा थर लावावा. त्यातले लाल ठिपके पंजाब-हरियाणातील भाताची धसकटे कुठे जळत आहेत ते दाखवतात, पण उपग्रह निघून गेल्यावर पेटवलेले आणि संध्याकाळपर्यंत विझलेले शेत त्यांत येत नाही. ठिपके कमी झाले म्हणजे जाळणे तेवढेच कमी झाले, असे म्हणूनच ठरवू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, उपग्रह जमिनीपासून वरपर्यंतच्या साऱ्या हवेची बेरीज पाहतो, आपण श्वास घेतो त्या थराची नव्हे. त्यामुळे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या केंद्रावरील पीएम २.५ चा (अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांचा) दुपारी दीडचा आकडा चित्राशी ताडून पाहावा आणि रात्रीचा वेगळा नोंदवावा, कारण थंडीत रात्री हवेचा मिसळणारा थर खाली उतरतो आणि तेवढाच धूर कमी जागेत कोंडतो.